ओली भिंत, गार भिंत

कोजागिरी झाली की मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. तोवर 'छत गळतंय' चालू असतं, मग 'पहाटे फार गारठतं' सुरू होतं. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की माझे वडील गवंडी होते. मी डिप्लोमा केला आणि तीस वर्षं जुन्या घरांच्या दुरुस्त्या करून घेतल्या. राहते साताऱ्यात चिमणपुऱ्यात, दगडमातीच्या घरात. खाली सांगितलेलं बहुतेक सगळं या घरावर किंवा त्या कामांवर करून बघितलेलं आहे.

काकू, मेढ्यात आमचं जुनं घर आहे. दगडी जोतं, वर मातीत बांधलेल्या विटा. सासऱ्यांनी बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. पश्चिमेकडच्या खोलीची भिंत हाताला गार लागते, आतून पोपडे पडतात आणि पांढरी बुरशी धरते. हिवाळ्यात तिथं झोपवत नाही. दिवाळीच्या आधी ऑइलपेंट मारला तर ऊब राहील का? (एक सूनबाई, मेढा)

ऑइलपेंट मारू नका. दिवाळी चार दिवसांची, ही भिंत तुम्हाला पुढची कितीतरी वर्षं वापरायची आहे.

आधी ती पांढरी बुरशी बघू. ओलं बोट त्यावर टेकवा. बारीक मिठासारखं चुरचुरलं आणि बोटावरच विरघळलं, तर ती बुरशी नाही, भिंतीला लोणा लागलाय. बुरशी मऊ असते, फासली जाते आणि तिला कुबट वास येतो. तुमच्या वर्णनावरून मला लोणाच वाटतोय. जमिनीतलं पाणी जोत्यातून वर चढतं, विटांमधले क्षार सोबत घेतं आणि भिंतीच्या तोंडाशी येऊन उडून जातं. क्षार मागे राहतात आणि तेच रंग उचलून टाकतात.

आता गारठ्याचं. माठ पाणी गार कसं करतो ते आठवा. ओल बाहेर झिरपते, हवेत उडते आणि उडताना ऊब घेऊन जाते. तुमची ती भिंत म्हणजे जावळीच्या पावसात चार महिने भरत राहिलेला माठ आहे. शिवाय ओली वीट कोरड्या विटेपेक्षा खोलीतली ऊब लवकर बाहेर जाऊ देते. अशा खोलीत हीटर लावलात तर अर्धी वीज भिंत सुकवण्यात जाईल. म्हणून मी सगळ्यांनाच सांगते, आधी ओल काढा, मग थंडीचं बघा.

ओल कुठून येते हे ओळखायची सोपी युक्ती आहे. फूटभर लांबरुंद, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या. भिंतीचा पोपडा खरवडून जागा सपाट करा आणि तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा, कुठेही फट राहू देऊ नका. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब धरले असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला दव असेल तर ते खोलीतल्या वाफेचं, म्हणजे स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे आणि श्वास यांचं. दोन्हींकडे असेल तर दोन्ही कारणं आहेत. जमिनीपासून वीतभर वर एक तुकडा आणि छातीएवढ्या उंचीवर दुसरा लावा. खालच्यात पाणी आणि वरचा कोरडा असेल, तर ओल जोत्यातून चढतेय हे पक्कं. वरचाच जास्त ओला असेल, तर कौलं आणि पन्हाळ तपासा.

ऑइलपेंटला मी एवढी का घाबरते तेही सांगते. २०११ च्या दिवाळीआधी मीच घाई केली होती. घरात लग्न ठरलं होतं, पाहुणे यायचे होते. दुकानदार म्हणाला, हा रंग पाणी आत येऊच देत नाही. खरं होतं ते, पण पाणी आधीच आत होतं आणि त्याची बाहेर पडायची वाट मी बंद केली. मार्गशीर्षात भिंतीवर आठ आण्याच्या नाण्याएवढे फुगे आले. एक फुगा मी सुईने टोचला, तर त्यातून पाण्याचा थेंब ओघळून माझ्या मनगटावर आला. सगळा रंग पत्रीने खरवडून काढावा लागला आणि त्याबरोबर वडिलांच्या हातचा चुन्याचा गिलावाही गेला. ते अजून मनाला लागतं.

तुम्ही असं करा. घराच्या मागे जोत्याला टेकून माती, सरपण किंवा शेणाचा ढीग असेल तर तो आधी हलवा. पावसाळ्यात वाहून आलेली माती जोत्याच्या वर चढली असेल, तर ती खणून जोतं निदान वीतभर उघडं करा. अंगणाचा उतार घराकडून बाहेर जाऊ द्या. वळचणीच्या पागोळ्या भिंतीच्या पायाशीच पडत असतील तर पन्हाळ लावा. मग लोण्याला हात घाला. तो कोरड्या ब्रशने झाडायचा आणि सुपलीत गोळा करून घराबाहेर टाकायचा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतील.

बाहेरचा सिमेंटचा गिलावा हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. जिथं 'भद्द' आवाज येईल तिथं तो सुटलेला आहे आणि त्याच्यामागे पाणी साठतंय. खालचा तीन फुटांचा पट्टा असा पोकळ लागला तर तेवढा काढून टाका आणि हिवाळाभर भिंत उघडी राहू द्या. कार्तिक ते माघ आपल्याकडे हवा कोरडी असते, भिंत सुकायला तेच दिवस चांगले. फाल्गुनात चुन्याचा गिलावा करून घ्या. मातीतल्या भिंतीवर सिमेंट म्हणजे घाम आलेल्या माणसाला प्लास्टिक गुंडाळण्यासारखं आहे. चुन्यातून भिंत श्वास घेते.

यंदाच्या दिवाळीला आतून नुसती चुन्याची सफेदी द्या, चुना चाळून आणि थोडा डिंक घालून. चुना विरवताना तो उकळतो, लहान मुलांना लांब ठेवा आणि डोळे जपा. सकाळी अकरा ते चार त्या खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, ट्रंक विटांवर ठेवा. आणि या हिवाळ्यात तिथं झोपू नका, पूर्वेच्या खोलीत झोपा. एका हिवाळ्यात ती भिंत पूर्ण सुकेल असं मी सांगत नाही, पण पुढच्या वर्षी हातालाच फरक कळेल.

काकू, वाईला कृष्णेच्या घाटाजवळ आमचा वाडा आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला येतेय, पौषातली तारीख आहे. सासूबाई म्हणतात, बाळंतिणीची खोली बंद करून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायची, खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवायच्या. आमचीही बाळंतपणं अशीच झाली. लेक नको म्हणते. काय करू? (एक आई, वाई)

लेकीचं ऐका. खोली बंद करून आत शेगडी ठेवायची नाही, रात्री तर नाहीच नाही.

धूर दिसत नाही म्हणून लालबुंद कोळसा निर्धोक वाटतो. पण हवा कमी पडली की कोळशातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागाच अडवतो. डोकं दुखतं, मळमळतं, झापड येते, आणि बाळंतिणीला झापड येणं कुणालाच वावगं वाटत नाही. तान्ह्या बाळाला तर सांगताही येत नाही.

१९८३ च्या हिवाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीच्या खोलीत अशीच शेगडी होती, फटी अशाच बुजवल्या होत्या. पहाटे आई बाळाला घ्यायला गेली तर ताई ओळख नसल्यासारखं बोलत होती आणि बाळाचा हात उचलला की गळून पडत होता. वडिलांनी दोघांनाही तसंच उचलून अंगणात आणलं. दोघं वाचली. त्या दिवसापासून वडील दुसऱ्यांच्या घरी काम करायला गेले तरी बाळंतिणीची खोली स्वतः बघून यायचे. सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्यांच्या काळी कौलांतून आणि झरोक्यांतून वारा खेळायचा, म्हणून पुष्कळ जणी सुटल्या. आता स्लॅब आहे, काचा आहेत, पीओपी आहे. तीच शेगडी आता वेगळी वागते.

मग ऊब कशी ठेवायची? खोली बदला. घाटाकडची, नदीच्या अंगाची खोली नको. वाड्यातलं माजघर चांगलं, त्याला चारही बाजूंनी खोल्यांचं पांघरूण असतं. नाहीतर दक्षिणेला खिडकी असलेली खोली घ्या. बाज बाहेरच्या भिंतीला लावू नका. शहाबादी फरशीवर आधी चटई, मग घोंगडं, त्यावर जुन्या लुगड्यांची वाकळ. फरशीचा गारवा खालूनच चढतो, तो अडवला तर निम्मं काम झालं.

हीटर लागलाच तर तेल भरलेला रेडिएटर हीटर घ्या, त्याची तार लाल होत नाही. २००० वॉटचा हीटर पूर्ण चालला तर तासाला दोन युनिट खातो, म्हणून झोपायच्या आधी तासभर लावून खोली तापवा. मात्र जुन्या वाड्यातली वायरिंग आधी वायरमनकडून तपासून घ्या. त्याला १६ अँपिअरचा वेगळा प्लग हवा, एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. काहीही लावलं तरी खिडकीची वरची झडप दोन बोटं उघडी राहू द्या.

बाळासाठी सगळ्यात चांगली ऊब आईच्या छातीची, अंगाला अंग लावून आणि वरून पांघरूण घालून, फक्त बाळाचं तोंड-नाक उघडं राहायला हवं आणि आईला झोप आली तर बाळाला उचलून घेणारं माणूस जवळ हवं. टोपरं, मोजे कोरडे ठेवा. गरम पाण्याची पिशवी बाळाजवळ ठेवू नका, कातडी भाजते. शेकायचंच असेल तर दुपारी, उन्हात, सोप्यावर उघड्यावर शेका. धुरी नकोच. आणि कधी कुणी गुंगीत सापडलं तर विचार करत बसू नका. दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा.

जत तालुक्यात वस्तीवर राहतो. पत्र्याचं घर. दिवसा अंगात सदरा नकोसा होतो आणि पहाटे दोन वाकळी पुरत नाहीत. त्यातून पाऊस नसताना पत्र्यातून पाणी टपकतं, अंथरूण भिजतं. पत्रा गळतो म्हणून डांबर लावलं, तरी तेच. (एक शेतकरी, जत)

दादा, तुमचा पत्रा गळत नाही, त्याला घाम सुटतोय. डांबराचे पैसे वाया गेले याचं वाईट वाटतं.

महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात पेपरात येतात. ते दव बहुतेक वेळा कुठं गोठलेलं असतं? गाड्यांच्या टपावर. बाजारपेठेत त्या दिवशी तसं काहीच नसतं. रात्र निरभ्र असली की पातळ पत्रा आपली ऊब सरळ आभाळाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. तुमच्याकडे तर ढगांचं पांघरूण क्वचितच मिळतं. घरात पाच-सहा माणसं झोपलेली, त्यांच्या श्वासाची वाफ वर जाते, गार पत्र्याला लागते आणि पाणी होऊन खाली येते. गार पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो तसंच.

म्हणजे पत्रा आणि खोली यांच्यामध्ये काहीतरी हवं. पैसे असतील तर पीव्हीसीचं सीलिंग आणि त्यावर रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, अंथरा. नसतील तर बांबूचे तट्टे आढ्यापासून हातभर खाली बांधा आणि त्यांना खालून शेण-मातीचा पातळ हात द्या. मधली कोंडलेली हवाच थंडी अडवते. चैत्र-वैशाखात हेच छत ऊनही अडवेल. थर्माकोल मात्र लावू नका. तो पेटला की वितळून ठिबकतो आणि त्याचा धूर जीव घेतो. पत्र्यावर कडबा किंवा पाचट टाकायचा सल्लाही कुणी देईल. तुमच्याकडे चूल पेटते, ठिणगी उडते. ते करू नका.

पत्रा भिंतीवर टेकतो तिथं प्रत्येक पन्हळीखाली अर्धचंद्रासारखी फट असते. एकेक फट मुठीएवढी, पण सगळ्या मिळून एक खिडकी कायम उघडी टाकल्यासारखं होतं. उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या फटी मालाने बुजवा. चुलीच्या वरची जागा आणि तिच्या समोरच्या भिंतीतल्या चार-सहा फटी उघड्या ठेवा, धुराला आणि वाफेला वाट लागतेच. चुलीचा विस्तव ठेवून दार लावून झोपायचं नाही, वर वाईच्या ताईंना सांगितलं ते तुम्हालाही लागू आहे.

आणि एक घोंगडं घ्या, खऱ्या लोकरीचं. माझं मी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत घेतलं होतं. नवं असताना टोचतं, कडक लागतं, कारण विणताना सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते. वापरता वापरता ते मऊ पडतं. वरून पत्र्याचा थेंब पडला तरी ते लगेच आतपर्यंत भिजत नाही, हे वाकळीला जमत नाही.

साताऱ्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, वरचाच मजला. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांतून रात्री शिट्टी वाजते. (शाहूपुरी)

रात्री पंखा बंद करून पेटलेली उदबत्ती खिडकीच्या कडेने हळू फिरवा. धूर जिथं वाकतो तिथं पेन्सिलने खूण करा. बहुतेक खुणा दोन काचा एकमेकींवर येतात त्या उभ्या कडेला आणि खालच्या पट्टीत सापडतील. तिथं केसाळ ब्रशची पट्टी असते, ती चार-सहा वर्षांत झिजून चपटी होते. अॅल्युमिनियमची कामं करणाऱ्या माणसाकडे ती मीटरवर मिळते. खालच्या पट्टीतली छिद्रं पावसाचं पाणी बाहेर जायला असतात. हिवाळ्यापुरते त्यांत कापसाचे बोळे घाला आणि वैशाखात आठवणीने काढा.

दक्षिणेची खिडकी असेल तर तिचं सोनं करा. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी साताऱ्यात सूर्य आभाळात जेमतेम ४९ अंशांवर असतो. पाच फूट उंचीची खिडकी असेल तर ऊन आत सव्वाचार फुटांपर्यंत येतं. मे महिन्याच्या मध्याला तोच सूर्य डोक्यावर असतो आणि त्या खिडकीत डोकावतही नाही. म्हणून आता दहा ते चार पडदे पूर्ण बाजूला आणि दिवे लागले की लगेच बंद, जाड कापडाचे, जमिनीपर्यंत येणारे.

सांगलीत बोअरचं पाणी जड आहे. सोलरचं पाणी थंडीत कोमट येतं, म्हणून बाथरूममध्ये गॅस गीझर बसवायचा विचार आहे. (सांगली)

आधी सोलरकडे बघा. पॅनेलवर दिवाळीच्या फटाक्यांची आणि रस्त्याची धूळ बसलेली असते, ती सकाळी काच गार असताना पुसा. नळ्यांत क्षार साचले असतील तर जाणकाराकडून साफ करून घ्या. गच्चीवरून खाली येणाऱ्या गरम पाण्याच्या उघड्या पाइपला फोमची नळी चढवा, बरीच ऊब तिथंच जाते. पहाटेपुरता १५ लिटरचा विजेचा गीझर घ्या. एवढं पाणी २० अंशांपासून ५५ पर्यंत तापवायला साधारण पाऊण युनिट पुरतं.

गॅस गीझर बाथरूमच्या आत नको. वर वाईच्या पत्रातल्या कोळशाच्या शेगडीतून जो वायू निघतो तोच इथं निघतो, आणि खोली त्याहून लहान. बसवायचाच असेल तर गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर, मोकळ्या हवेत, आत फक्त पाण्याचा पाइप.

काकू, मी कराडला शिकायला आहे. भाड्याची खोली, मालक काही करून देत नाहीत. माझ्याकडे पाचशे रुपये आहेत. (एक विद्यार्थिनी)

पाचशे पुष्कळ झाले बाळ. दाराखालच्या फटीसाठी जुन्या ओढणीची लांब पिशवी शिव, त्यात वाळू भर आणि रात्री दाराला टेकवून ठेव. खिडकीच्या लाकडी झडपांच्या फटींना कागदाची पट्टी खळीने चिकटव, जाताना भिजवून निघते, मालक बोलणार नाहीत. एक झडप मात्र तशीच ठेव, अभ्यास करताना डोकं जड होणार नाही. राहिलेल्या पैशांत एक जाड चटई घे आणि गादीवर नाही, गादीखाली घाल. धुतलेले कपडे खोलीत वाळत घालू नकोस, आजीकडून एखादी वाकळ मागून आण आणि रविवारी ती गच्चीवर उन्हात टाक, उन्हं उतरायच्या आत घडी करून आत घे. तुझी कॉट भिंतीला चिकटवलेली असणार. ती तळहाताएवढी पुढं ओढ.